जुना मदरबोर्ड: भंगारात देण्याआधी एवढं बघा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंदूरच्या आमच्या नात्यागोत्यात एकच प्रश्न सुरू झाला, "घरातला जुना कॉम्प्युटर काढून टाकायचा का?" ताईकडेही तेच. भाची अकरावीत, तिला अभ्यासाला मशीन हवं. घरात फीचा आणि क्लासचा खर्च आधीच उभा. "मामा, नवीनच घेऊ या ना," हे तिचं म्हणणं, तर "आहे त्यात भागेल का बघ रे," हे ताईचं.

अशा वेळी मी आधी मदरबोर्ड कोणता ते पाहतो. विंडोजमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडलं की ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’समोर त्याचं नाव दिसतं. ताईचा बोर्ड निघाला इंटेलच्या एच६१ चिपसेटचा. हा चिपसेट २०११ सालचा. आपल्याकडे घरोघरी आणि सायबर कॅफेत असे बोर्ड भरपूर होते, तुमच्याकडेही असू शकेल.

या बोर्डात काय काय वाढवता येतं?

रॅम: बहुतेक एच६१ बोर्डांवर डीडीआर३ रॅमचे दोनच स्लॉट असतात. प्रत्येकी ८ जीबी, म्हणजे जास्तीत जास्त १६ जीबी. अभ्यासाला ८ पुरते. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम स्वस्त मिळते, पण या बोर्डावर चालत नाही.

डिस्क: सॅटाचे पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० एमबी. आजच्या सॅटा एसएसडीचा पूर्ण वेग इथे मिळणार नाही. तरी एसएसडी लावाच. जुनी हार्ड डिस्क रखडते ती फिरत्या तबकडीवर माहिती शोधण्यात, आणि एसएसडीत ती शोधाशोधच नाही. मात्र २.५ इंची सॅटा एसएसडी घ्या. एनव्हीएमई कार्डावर लावता आली, तरी एवढ्या जुन्या बायोसमधून ती सहसा बूट होत नाही.

प्रोसेसर: एलजीए ११५५ सॉकेटमध्ये इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात. दोन कोअरच्या आय३-२१२० च्या जागी चार कोअरचा आय५-३४७० बसू शकतो. पण तिसऱ्या पिढीसाठी बायोस अपडेट लागू शकतो, आणि तो जुना प्रोसेसर काढायच्या आधी करायचा. यूपीएस असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. मध्येच लाईट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो.

स्लॉट: लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट ग्राफिक्स कार्डासाठी. त्यातून ७५ वॉटपर्यंत वीज मिळते, त्याहून मोठ्या कार्डाला एसएमपीएस तेवढा दमदार हवा. एच६१ स्वतः फक्त यूएसबी २.० देतो. छोट्या स्लॉटमध्ये यूएसबी ३.० किंवा वायफायचं कार्ड लावता येतं.

आता मर्यादा. या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्याला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसरही बराच नवा लागतो. सपोर्ट नसलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं. म्हणून ताईच्या मशीनवर लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट आहे, लिब्रे ऑफिस चालतं, मराठीही टाइप होतं. भाची आठवडाभर कुरकुरली, मग तिनेच वॉलपेपर बदलला.

पैसे घालताना मी एक क्रम धरतो. आधी एसएसडी, कारण उद्या नवा कॉम्प्युटर घेतला तरी ती सोबत नेता येते. मग रॅम, तीही सेकंडहँड. प्रोसेसर शेवटी, कारण बोर्ड गेला की हे दोन्ही नव्या बोर्डावर बसत नाहीत. बोर्डावरचे कपॅसिटर वरून फुगलेले असतील, तर एक रुपयाही घालू नका. घड्याळ सारखं मागे पडत असेल, तर मात्र घाबरू नका. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदला, काम होतं.

आणि मशीन टाकायचंच ठरलं, तर ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. त्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. आजी-आजोबांचे फोटो बऱ्याच घरांत तिच्यातच असतात.