इन्सुलिनचा अंमल आणि व्यायामाची वेळ

उन्हाळ्यात दिवस तापण्याच्या आत बाहेरची कामे उरकावीत असा नागपूरचा रिवाज असल्यामुळे फुटाळ्याच्या काठावर, अंबाझरीच्या उद्यानात आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर फिरावयास जाणाऱ्यांची वर्दळ पहाटेच सुरू होते; आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहामुळे ज्यांच्या अंगावर अष्टौप्रहर इन्सुलिनचा पंप असतो, त्यांच्या दृष्टीनेही हाच प्रहर पुष्कळसा निर्धोक ठरतो, कारण रात्रीच्या जेवणासाठी घेतलेल्या इन्सुलिनचा अंमल तोवर ओसरलेला असतो. तथापि या निर्धोकपणाला आगाऊ तजविजीची अट आहे, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते असे मला वाटते.

निरोगी शरीरात स्नायू श्रम करू लागताच स्वादुपिंड आपला स्राव आपोआप आवरते. पंपाने त्वचेखाली सोडलेले इन्सुलिन मात्र परत बोलावता येत नाही. त्याचा प्रभाव शिगेला पोहोचण्यास एक ते दीड तास आणि पूर्ण विरण्यास चार-पाच तास लागतात. इकडे आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनच्या मध्यस्थीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेतात, तिकडे यकृताने घालावयाची भर त्या इन्सुलिनमुळेच अडून राहते, आणि साखर झपाट्याने घसरते. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स, जे स्वतःच मधुमेही होते, त्यांनी व्यायामाने इन्सुलिनचा प्रभाव वाढतो हे १९२६ सालीच नोंदवले होते.

म्हणून पंपाचा अखंड पुरवठा, म्हणजे बेसल, व्यायामाच्या ६० ते ९० मिनिटे आधी ५० ते ८० टक्क्यांनी घटवावा, असे २०१७ साली ‘लॅन्सेट’च्या मधुमेहविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेले तज्ज्ञांचे एकमत सांगते. सहाला निघणाऱ्याने साडेचार-पाचलाच ही तरतूद केली पाहिजे. बूट बांधताना फेरफार केला, तर चालण्याच्या तासभर आधीचेच इन्सुलिन काम करीत राहते, आणि कपात लागू होते ती नेमकी परतीच्या वाटेवर, जेव्हा तर्री-पोह्याची बशी हाती येते व शरीराला इन्सुलिनची पुरेपूर निकड असते. झोपमोड नको असेल त्याने आदल्या रात्रीच पंपात निराळे वेळापत्रक नोंदवावे, अथवा बेसलला हात न लावता निघताना दहा-पंधरा ग्रॅम कर्बोदके घ्यावीत; नवख्याने डॉक्टरांना विचारून हा दुसरा मार्ग पत्करावा, कारण त्यात चुकण्यास जागा कमी. निघताना साखर १२६ ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी. ती ९०च्या खाली असेल तर ग्लुकोज घेऊन वर येईतो पाऊल उचलू नये. सेन्सरच्या आधारे आपली मात्रा आपणच ठरवणाऱ्या पंपांनाही आगाऊ वर्दी लागते. त्यांपैकी काहींचे लक्ष्य तास-दोन तास आधी तात्पुरते १५०वर न्यावे लागते.

कबड्डीत किंवा जड वजने उचलताना अॅड्रेनालिनमुळे साखर उलट चढू शकते. कबड्डीत अंगाला अंग भिडत असल्यामुळे पंप उतरवून ठेवावा लागतो, पण ही तहकुबी दोन तासांपलीकडे लांबू नये. पंप वापरणाऱ्याच्या शरीरात दीर्घ मुदतीच्या इन्सुलिनची शिल्लक नसते आणि काही तासांतच केटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी आम्ले, साठू लागतात. साखर २७०वर असता केटोन तपासल्यावाचून मैदानात उतरू नये.

सायंकाळच्या खेळाचा परिणाम मध्यरात्रीनंतर जाणवतो, कारण शिणलेले स्नायू रिती झालेली साठवण तेव्हाही भरून काढीत असतात; अशा रात्री बेसल सहा तास २० टक्क्यांनी कमी ठेवण्याची शिफारस आहे. शिवाय ३७ अंशांच्या वर तापलेले पंपातील इन्सुलिन टाकून द्यावे, अशी सूचना उत्पादकच देतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात ही मर्यादा सावलीतही ओलांडली जाते.

पंपाची किंमत लाखांत आहे. याच शहरात डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने ज्या गरीब मुलांना विनामूल्य इन्सुलिन पुरवले, तशा मुलांच्या हाती सिरिंजच असते. त्यांना दीर्घ मुदतीचे इन्सुलिन तासागणिक कमी-जास्त करण्याची मुभा नाही. त्यांनी खेळापूर्वीच्या जेवणाची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने घटवावी, खिशात ग्लुकोज ठेवावे, आणि खो-खोच्या डावात मध्येच थांबून ते खाण्याची परवानगी त्यांना क्रीडाशिक्षकांकडून आगाऊ, सर्वांसमक्ष मिळालेली असावी.