एक किलो कणीक म्हणजे किती ओमर?

कारंज्यावरून बोलतोय, लाडांच्या नाही, घाडग्यांच्या. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून आजचा भाग लिहूनही देतोय. मोबाईलचं कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

विषय आहे बायबलमधली हिब्रू मापं: एफा, ओमर, हिन, लोग. ही मापं आपल्या कप-चमच्यांत कशी बसवायची?

विषय लांबचा वाटेल, पण मराठी घरांतला आहे. रायगडकडचे बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हागादा 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. त्या रात्री चार पेले प्यायचे असतात. द्राक्षारसाऐवजी मनुकांचं सरबत ही त्यांच्या कित्येक घरांतली रीत. आणि नियम असा की पेला निदान पाव लोगाचा हवा. म्हणजे किती मिली?

आधी कोष्टक पाहू:

- 6 अंडी = 1 लोग
- 4 लोग = 1 कव
- 6 कव = 1 सआ
- 3 सआ = 1 एफा
- 1 एफा = 10 ओमर
- पातळ पदार्थांसाठी एफाएवढंच माप म्हणजे बथ; 1 बथ = 6 हिन, 1 हिन = 12 लोग

ताळा करून बघा, एफा आणि बथ दोन्ही 72 लोगच येतात. इथपर्यंत भांडण नाही. भांडण पहिल्या ओळीत आहे. अंडं केवढं?

18व्या शतकात प्रागचे रब्बी यहेज्केल लांडाऊ यांनी एकच माप दोन रीतींनी काढलं, अंगठ्याच्या रुंदीवरून आणि अंड्यांवरून. उत्तरं जुळेनात. एक जवळपास दुसऱ्याच्या दुप्पट! त्यांनी निष्कर्ष काढला, की जुन्या काळची अंडी मोठी होती, आताची निम्मी झाली. 20व्या शतकात रब्बी हायिम नाए यांनी अंडं 57.6 मिलीचं धरलं, तर 'हझोन ईश' या नावानं ओळखले जाणारे रब्बी सुमारे 100 मिली धरून चालले. पाव लोग म्हणजे दीड अंडं. म्हणून तो पेला एका हिशेबानं 86 मिली, दुसऱ्यानं 150. पुरातत्त्ववाले जुन्या मातीच्या रांजणांच्या तुकड्यांवरून बथ सुमारे 22 लिटरचा धरतात, हा आणखी तिसरा हिशेब.

हसू नका, आपलंही हेच होतं. 2 चिपटी म्हणजे मापटं, 2 मापटी म्हणजे शेर, 2 शेर म्हणजे अधोली, 2 अधोल्या म्हणजे पायली. हे आजीला पाठ. पण मण कुठे 12 पायल्यांचा, कुठे 16 पायल्यांचा, आणि पायलीही गावोगाव वेगळी. 1956 च्या कायद्यानं देशभर किलो-लिटर आणले ते याच गोंधळावर.

गोंधळात नुकसान कुणाचं, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. घेताना मोठी पायली, देताना लहान. घरात दोन एफा, एक मोठा नि एक लहान, ठेवू नका, असं मोशेचं नियमशास्त्र बजावतं. एफा लहान करून गरिबाला लुबाडणाऱ्या व्यापाऱ्यांवर आमोस संदेष्टा तुटून पडतो. माप भरताना हात कुणाचा, हा प्रश्न तेव्हाही होताच.

आता प्रत्यक्ष रूपांतर. 22 लिटरचा एफा धरला तर:

- लोग = सुमारे 305 मिली
- ओमर = 2.2 लिटर
- हिन = पावणेचार लिटरला थोडा कमी
- 240 मिलीचा कप = सुमारे 0.8 लोग
- अर्धा लिटर तेल = सुमारे 1.6 लोग
- 5 मिलीचे 60 चमचे = जवळपास 1 लोग

एक सांभाळा. आपण धान्य किलोत तोलतो, ते मापानं भरत. पाणी लिटरला किलो भरतं, कणीक नाही. एक किलो कणीक मोकळी भरली तर पावणेदोन ते दोन लिटर जागा घेते, म्हणजे ओमरला थोडी कमी. दाबून भरली की हिशेब बदलतो, शिगोशीग भरली की पुन्हा बदलतो. म्हणून आधी किलोचे लिटर करा, मग लिटरचे ओमर.

हाच ओमर ज्यू घरात आजही कामाचा आहे. ओमरभर पीठ मळलं, तर त्यातला गोळा बाजूला काढायचा असतो, त्याला हल्ला म्हणतात. नाए यांच्या मापानं ओमर अडीच लिटरचा, हझोन ईश यांच्या मापानं सव्वाचार लिटरच्या वर. तीन लिटर पीठ मळणारी बाई एका हिशेबानं बांधील, दुसऱ्यानं नाही.

आणि रूथची गोष्ट? दिवसभर सरवा वेचून, झोडपून तिच्या पदरी सुमारे एफाभर सातू पडले. 22 लिटर सातू म्हणजे साधारण 13-14 किलो. आपल्याकडे कापणीनंतर शेतात सरवा वेचलेल्यांना विचारा, एका दिवसाला हे किती मोठं आहे ते.

तेव्हा कुणी विचारलं, एक किलो म्हणजे किती ओमर, तर उत्तराआधी उलट विचारा: कुणाचा ओमर?