पहाटेचा तगादा
(लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात किशोरवयातील भुकेचा विचार केला. आज निद्रेचा करावयाचा आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळच्या झाल्या, की रायपूरच्या तात्यापाऱ्यातील मराठी घरांतून पहाटेच तगादा सुरू होतो, आणि जो मुलगा आठव्या वर्षी चिमण्यांबरोबर जागा होत असे, तोच पंधराव्या वर्षी चार हाकांनीही हलत नाही, हे पाहून आईवडील आळसाचा कसूर त्याच्या माथी मारून मोकळे होतात. मीही माझ्या मुलाच्या बाबतीत हा अन्याय वर्षभर केला, म्हणूनच हा लेखांक मला अगत्याचा वाटतो.

दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू मेंदूत जेथे एकमेकांस छेदतात, त्याच्या किंचित वर शरीराच्या कालगणनेचे केंद्र असते, आणि रात्र झाल्याची वर्दी ते मेलाटोनिन नामक द्रव्याच्या द्वारे सर्वांगास देते. तारुण्याच्या आगमनाबरोबर ही वर्दी उशिरा, कित्येकदा तास-दोन तास मागाहून, मिळू लागते; शिवाय दिवसभराच्या जागरणाने साचणारा निद्रेचा भारही या वयात सावकाश चढतो. निजण्याचा कल आणि तारुण्याचा टप्पा यांचा हा संबंध अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकाडन यांनी सहकाऱ्यांसह १९९३ साली दाखवून दिला. तेव्हा रात्री दहाला डोळे न मिटणे ही मुलाची हटवादी वृत्ती नव्हे. आणि त्याला ८ ते १० तास झोप हवी असता साडेपाचला उठविले, तर हिशेबात तूट येणारच.

येथे आपल्या शहराचा एक दाखला देतो. रायपूरहून सात वेळा लोकसभेवर निवडून गेलेले श्री. रमेश बैस यांनी महाराष्ट्राचे राज्यपाल असताना, २०२३ च्या डिसेंबरात, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांची वेळ बदलण्याची सूचना केली, आणि पुढील फेब्रुवारीत शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नयेत असा हुकूम काढला. सूचना स्तुत्यच, परंतु लहान मूल स्वभावतः लवकर निजते व लवकर उठते, आणि ज्याचे घड्याळ खरोखर मागे सरकलेले असते तो नववी-दहावीचा विद्यार्थी मात्र या सवलतीबाहेर राहिला, याची रुखरुख वाटते. कॅलिफोर्नियात २०२२ पासून माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी न भरविण्याचा कायदा अंमलात आहे, तो याच वयाच्या मुलांसाठी.

शाळेची वेळ आपल्या हाती नाही. उजेड मात्र आहे. रायपूर हे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून अवघ्या साडेतीन मिनिटांच्या अंतरावर असल्यामुळे मेअखेरीस येथे सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यानच सूर्य उगवतो, मुंबईत त्याला सहा वाजतात. पूर्वी उन्हाळ्यात सारे घर गच्चीवर निजे आणि हा उजेडच मुलांना जागे करी. आता खिडकीत कूलर बसतो, त्यास वाळ्याचे पडदे लागतात, आणि मूल सात वाजताही अंधारकोठडीत असते, तर रात्री बारापर्यंत मोबाईलचा प्रकाश त्याच्या डोळ्यांशी. उजेडाचा क्रम असा उलटा झाल्यावर हाकांचा काय उपयोग?

मात्र घाई नको. दोन वाजता निजणाऱ्यास एकाएकी पाचच्या उजेडात उभे केले, तर त्याचे घड्याळ सुधारण्याऐवजी आणखी मागे पडण्याचा संभव असतो. म्हणून उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पाव तासच अलीकडे आणावी, उठताक्षणी अंगणात किंवा गच्चीवर न्यावे, सायंकाळनंतर चहा-कॉफी बंद ठेवावी, आणि रविवारीही तासाभराहून अधिक सूट देऊ नये, कारण आठवड्याची कमाई त्या एका सकाळी खर्ची पडते.

आम्ही कूलर उत्तरेच्या खिडकीत हलविला, आणि पूर्वेच्या खिडकीचा पडदा मुलाची आई ठरल्या वेळी न बोलता सरकवते. तो उठून बसतो, पण पहिली पंधरा-वीस मिनिटे मेंदू अर्धवट निद्रेतच असतो. तेवढ्या अवधीत आम्ही त्याला गृहपाठाविषयी काही विचारत नाही, पाण्याचा तांब्या हाती देतो आणि गच्चीचे दार उघडतो.