एका लयीत हललं म्हणून जोडलेलं?

लोणारच्या काठावर उभं राहिलं की खाली सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा वाडगा दिसतो आणि तळाशी खारं पाणी. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. भोवतालचा काळा कातळ ज्वालामुखीचा, तेव्हा विवरही ज्वालामुखीचंच असणार, असं भल्याभल्यांना वाटलं. दोन गोष्टी एके ठिकाणी दिसल्या आणि त्यांचं नातं जुळवलं गेलं. 1973 मध्ये फ्रेड्रिकसन, दुबे आणि सहकाऱ्यांचा लेख ‘सायन्स’मध्ये आला. त्यांना इथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं होतं, म्हणजे जबर धक्क्याने काच झालेलं फेल्डस्पार. एवढा दाब ज्वालामुखीत होत नाही, उल्का आदळल्यावर होतो. दीडशे वर्षांनी पारडं उल्केकडे झुकलं ते या पुराव्याने.

एकत्र दिसलेल्या दोन गोष्टींचं नातं खरंच असतं का, मेंदूच्या भागांमधली नाती शोधणाऱ्यांपुढे आज नेमका हाच पेच आहे.

एफएमआरआय यंत्र विचार टिपत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे रक्ताचा ओघ वाढतो, रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण बदलतं, आणि यंत्र तो बदल पकडतं. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत भारत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी स्वस्थ पडून राहिलेल्या माणसांचे संकेत पाहिले. हात हलत नव्हते, तरी डाव्या-उजव्या हाताची हालचाल सांभाळणारे मेंदूचे भाग एकाच संथ लयीत वर-खाली होत होते. अशा एकलयीला आज फंक्शनल कनेक्टिव्हिटी म्हणतात.

पण शिवारातल्या दोन विहिरी श्रावणात एकदम भरल्या, म्हणून एकीचं पाणी दुसरीत जातं असं कोणता शेतकरी म्हणेल? पाऊस दोघींवर पडलेला असतो. मेंदूच्या संकेतांतला पाऊस म्हणजे श्वास, हृदयाचे ठोके आणि सगळ्यांत वाईट म्हणजे डोक्याची हालचाल. 2012 मध्ये जोनाथन पॉवर आणि इतरांनी दाखवलं की डोकं मिलिमीटरच्या अंशाने हललं तरी जवळचे भाग जास्त जोडलेले भासतात आणि दूरचे कमी. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त चुळबुळ करतात. त्यामुळे वयाबरोबर दूरची नाती घट्ट होतात, या गाजलेल्या निष्कर्षाचा काही भाग निव्वळ चुळबुळीचा निघाला. मला हा या क्षेत्रातला सगळ्यांत मोलाचा धडा वाटतो.

दुसरा धोका आकड्यांचा. मेंदूत 264 ठिकाणं निवडली तर 34,716 जोड्या होतात. एकही नातं खरं नसलं तरी पाच टक्क्यांच्या नेहमीच्या कसोटीवर सतराशेहून जास्त जोड्या योगायोगाने पास होतील. 2009 मध्ये क्रेग बेनेट यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, तर एकदम इतक्या चाचण्या केल्याबद्दल आकडेवारीत करायची दुरुस्ती न करता त्याच्याही मेंदूचा काही भाग कामाला लागलेला दिसला.

म्हणून जाणकार हालचालीचा वाटा वजा करतात, संकेताची लय तशीच ठेवून त्याचा कालक्रम विस्कटतात, आणि अशा बनावट संकेतांतही तेवढंच नातं दिसतं का ते तपासतात. एवढं करूनही नातं टिकलं, तरी त्याचा अर्थ मधे तार आहे असा होत नाही. दोन्ही गोलार्धांना जोडणारा मोठा पूल, कॉर्पस कॅलोसम, जन्मतःच नसलेल्या माणसांतही दोन्ही बाजू एका लयीत आढळल्या आहेत.

मेंदूच्या जोडण्यांवरून बुद्धी किंवा स्वभाव ओळखायचा तर हजारो माणसं तपासावी लागतात, असं 2022 मध्ये ‘नेचर’मधल्या अभ्यासाने दाखवलं. तेव्हा वर्तमानपत्रात मेंदूचं रंगीत चित्र दिसलं की आधी विचारा, माणसं किती होती आणि त्यांची डोकी किती हलली होती?