पेशंटच्या आधी रिपोर्ट पोचू दे

भारतात रात्रीची जेवणं उरकली, की इथे जपानमध्ये मध्यरात्र झालेली असते. नेमक्या त्याच वेळी फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचे तिरपे फोटो येतात आणि खाली एक ओळ : 'तू कॉम्प्युटरवाला ना, जरा बघ.' परदेशातल्या अनेकांना हा अनुभव असेल. आपण डॉक्टर नाही, मग बघणार काय? पण कॅन्सरच्या बाबतीत कॉम्प्युटरवाल्याला करण्यासारखं खरंच बरंच असतं.

मी इचिकावात राहतो. टोकियोहून पूर्वेला निघून एदोगावा नदी ओलांडली, की आमचं गाव. ग्योतोकु स्टेशनवर तोझाई लाईन पकडायची, कायाबाचोला गाडी बदलायची, की आलं त्सुकिजी. तिथे जपानचं राष्ट्रीय कॅन्सर केंद्र आहे. २०१८ मध्ये त्यांनी 'सी-कॅट' नावाचा विभाग सुरू केला. जून २०१९ पासून कॅन्सरच्या गाठीतली शेकडो जनुकं एकदम तपासणारी चाचणी इथल्या सरकारी आरोग्य विम्यात आली. रुग्णाची संमती असेल, तर देशभरातून हे निकाल सी-कॅटकडे जमा होतात. कोणत्या बदलावर कोणतं औषध आहे, कुठे चाचणी चालू आहे, हे सॉफ्टवेअर जुळवून देतं. निर्णय मात्र तज्ज्ञांची बैठकच घेते.

यात क्लाउड कशाला लागतो? अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेल्या 'कॅन्सर जीनोम ॲटलास'ने ३३ प्रकारच्या कॅन्सरची माहिती गोळा केली. ती भरते सुमारे २.५ पेटाबाइट. माझ्या घरच्या १ गिगाबिटच्या लाईनवर ती उतरवायची म्हटली, तर अखंड २३० दिवस लागतील! म्हणून डेटा आहे तिथेच राहतो आणि संशोधक आपला प्रोग्राम तिथे पाठवतात.

आपल्याकडेही हेच तत्त्व कामी येतंय. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली. आज देशातली ३०० हून अधिक केंद्रं तिच्यात आहेत. अवघड केसवर डॉक्टर ऑनलाइन ट्यूमर बोर्डात चर्चा करतात. 'नव्या' या ऑनलाइन सेवेवर रिपोर्ट अपलोड केले, की टाटा आणि ग्रिडमधल्या तज्ज्ञांचं लेखी मत मिळतं.

सांगली जिल्ह्यातल्या माझ्या आत्याला स्तनाचा कॅन्सर निघाला, तेव्हा ऑपरेशनची तारीखही ठरली होती. घरात एकच वाद : मुंबईला न्यायचं की नाही? मी इथून सगळे रिपोर्ट अपलोड केले. आठवड्याच्या आत मत आलं : हर-टू तपासणीचा निकाल आधी येऊ द्या, तो पॉझिटिव्ह असेल तर औषधं आधी, ऑपरेशन नंतर. निकाल पॉझिटिव्हच आला. तिच्या डॉक्टरांनी ते मत वाचलं, त्यांना पटलं आणि उपचार सांगलीतच सुरू झाले. आत्याला मुंबईत खोली शोधावी लागली नाही. पुढची लढाई तिची तिलाच लढायची होती, पण निदान घरचं जेवण जेवून.

तेव्हा मंडळी, घरी फोन करून एवढं सांगा. स्कॅनच्या फिल्मचा मोबाईलवर फोटो काढू नका, सेंटरकडून सीडी किंवा लिंक मागा. त्यातल्या डायकॉम फाईलवर डॉक्टरांना गाठ मिलिमीटरमध्ये मोजता येते. बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट घ्या, नुसतं शेवटचं पान नको. आणि लॅबमधला मेणाचा ब्लॉक जपून ठेवायला सांगा. पुढची तपासणी त्याच्यावरच होते आणि तो काही क्लाउडवर चढत नाही. सगळ्या फाईलींना तारखेनुसार नावं द्या, एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डर आजाऱ्याला विचारूनच पुढे पाठवा. रिपोर्ट त्याचा आहे, ग्रुपचा नाही.