जुनी गाडी बिघडली, खर्च कोणाचा?

जुनी गाडी घेऊन आठवडा होत नाही तोच गिऱ्हाईक माझ्या गॅरेजात येतं, "मिस्त्री, गिअरबॉक्स गेला. खर्च कोणाचा?" मी विचारतो, गाडी डीलरकडून घेतली की घरगुती मालकाकडून? डीलर असेल, तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या गाडीला फी नाही. घरगुती मालक व्यापारी नसतो. तिथं 1930चा मालविक्री कायदा लागतो, आणि तो सांगतो, पारखून घ्या. झिजलेले टायर, गळणारं ऑइल बघणं तुमचं काम. पण मीटर मागे फिरवला, अपघात लपवला, तर ती फसवणूक. दिवाणी दावा लावा. जाहिरात, मेसेज, पावती जपा. आणि गाडी खोलण्याआधी दोष लेखी मागून घ्या. मी सही करून देतो.