सांकेतिक लिपीचा खेळ

गुप्त लिपी म्हटली की हेर, फितुरी आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. परंतु या विद्येची पहिली ओळख आपल्याला अंगणात खेळतानाच झालेली असते. शाळकरी मुली 'च'ची भाषा बोलतात. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी ठेवायचे आणि पुढे 'च' लावायचा; म्हणजे 'कुठे'चे होते 'चठेकु'. शेजारी उभ्या असलेल्या वडीलधाऱ्यांना काही उमगत नाही आणि त्याचेच मुलींना हसू येते. आपल्याकडील जुने व्यापारी नंदभाषा बोलत. तीत उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पाच, अंगुळू म्हणजे दहा. गिऱ्हाइकादेखत भाव ठरे आणि गिऱ्हाइकाला पत्ता नसे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतके जपले. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त चौसष्ट कलांची यादी आहे, तीत 'म्लेच्छितविकल्प' म्हणून जी कला सांगितली आहे ती हीच. तेव्हा हा खेळ काही परका नव्हे.

माझ्यासारख्या कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला या विषयाची गोडी का लागावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. एका कारखान्याच्या वसाहतीत आमच्या सभासदांचे टपाल आधी कचेरीतल्या टेबलावर जाई आणि मग घरी येई. पाकिटाची कड पुष्कळदा ओलसर असे. मग आम्ही पोस्टकार्डावर लिहू लागलो, "मावशी बुधवारी येणार आहे." मावशी म्हणजे सभा, हे घेणाऱ्याला ठाऊक असे. याला संकेतशब्द म्हणतात. यात अख्ख्या शब्दाच्या जागी दुसरा शब्द येतो, आणि जे आधी ठरलेले नाही ते सांगता येत नाही. मावशी आजारी पडली तर काय समजायचे, ते पुन्हा भेटून ठरवावे लागे! लिपीची गोष्ट निराळी. लिपी एकदा ठरली की मनात येईल ते लिहिता येते. माझे गणित पगारपत्रकावर झालेले. पण या लिप्यांची जी पुस्तके हाती आली ती वाचताना दिसले की याची पहिली पायरी कोणालाही चढता येण्याजोगी आहे.

ती पायरी आपण चढून पाहू. 'क'पासून 'ळ'पर्यंत ३४ व्यंजने ओळीने लिहा. आता प्रत्येक व्यंजनाऐवजी त्याच्या पुढचे व्यंजन घाला. काने, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आहेत तेथेच राहू द्या. 'प'चा 'फ' होईल, 'ग'चा 'घ' आणि 'र'चा 'ल'. म्हणजे 'पगार' शब्दाचा झाला 'फघाल'. 'संप'चा होईल 'हंफ'. शेवटच्या 'ळ'नंतर पुन्हा 'क'वर यायचे. एक घर पुढे न जाता सात घरे गेलो तर लिपी बदलली, रीत तीच राहिली. रोमचा ज्यूलियस सीझर आपल्या पत्रांत अक्षरे तीन घरे सरकवीत असे. किती घरे सरकायचे हा जो आकडा, ती या कुलुपाची किल्ली.

हे कुलूप कच्चे आहे, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. ३४ व्यंजनांत सरकण्याचे प्रकार अवघे ३३. रात्रीच्या जेवणानंतर कोणीही बसून सगळे करून पाहील. मग सरकवण्याचे सोडून व्यंजनांच्या वाटेल तशा जोड्या लावल्या तर? अशा जोड्या लावण्याचे प्रकार इतके होतात की ती संख्या ३९ अंकी आहे. साऱ्या पृथ्वीवरची माणसे बसवली तरी ते करून संपणार नाहीत. एवढे ऐकले की नवशिक्याला वाटते, आता आपली लिपी ब्रह्मदेवालाही फुटणार नाही.

पण ती फुटते, आणि पोस्टकार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेवर फुटते. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-किंदी नावाचा विद्वान होऊन गेला. त्याने लिहून ठेवले की भाषेतील सर्व अक्षरे सारख्या प्रमाणात येत नाहीत. काही घडोघडी येतात, काही क्वचित. अक्षराचा वेष बदलला तरी त्याची येण्याजाण्याची खोड बदलत नाही. मराठीचेच पाहा. वाक्याच्या शेवटी दोन अक्षरांचे एकच चित्र वारंवार दिसले, तर ते बहुधा 'आहे' असणार. तेथून 'ह' सापडला. 'ह' सापडला की 'हा', 'ही', 'हे', 'होते' सापडू लागतात. असे एकेक टाके उसवत गेले की सगळे वस्त्र मोकळे होते. मजकूर चारदोन ओळींचा असेल तर हे कठीण जाते. पानभर असेल तर सोपे. संख्येच्या मोठेपणावर भिस्त ठेवणारा येथेच फसतो.

आपण रचलेली लिपी पक्की की कच्ची, हे रचणाऱ्याला स्वतःला कळत नाही. ज्याला किल्ली ठाऊक आहे त्याच्या डोळ्यांना ती नेहमी पक्कीच दिसते. ती दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि म्हणावे, फोड पाहू! त्याने फोडली तर त्याचे आभार मानावेत आणि दुसरी रचावी. मित्रामित्रांत सांकेतिक चिठ्ठ्यांची देवघेव करण्यात जी खरी मौज आहे ती हीच, आणि या साऱ्या विद्येचे मर्मही हेच आहे. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने १८३९ साली फिलाडेल्फियाच्या एका साप्ताहिकातून वाचकांना आव्हान दिले, की तुम्ही रचलेल्या लिप्या मला पाठवा, मी उलगडून दाखवतो. वाचकांनी पत्रांचा ढीग पाठवला. जे लोक एकमेकांना कधी भेटले नव्हते ते टपालाने एकाच खेळात सामील झाले. आज हाच खेळ इंटरनेटवर चालतो. फरक इतकाच की पत्राला लागणारे आठ दिवस वाचले.

मित्राच्या हाती देऊन पारख न केलेल्या लिपीची किंमत काय द्यावी लागते, याचा दाखला इंग्लंडच्या इतिहासात आहे. स्कॉटलंडची राणी मेरी १५६८ पासून इंग्लंडमध्ये कैदेत होती. १५८६ साली अँथनी बॅबिंग्टन नावाच्या तरुणाने राणी एलिझाबेथला मारून मेरीला सोडवण्याचा कट रचला. बंदिवासात येणाऱ्या बिअरच्या पिंपांत दडवून पत्रे आतबाहेर जात. ती सांकेतिक लिपीत असत. अक्षरांसाठी चिन्हे, नेहमीच्या शब्दांसाठी वेगळी चिन्हे, आणि वाचणाऱ्याला चकवण्यासाठी काही निरर्थक चिन्हे, अशी तिची रचना होती. मेरीला ती पक्की वाटत होती. म्हणून तिने मनातले मोकळेपणी लिहिले. पण पत्रे नेणारा मनुष्यच एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम याचा हस्तक होता, आणि वॉल्सिंगहॅमच्या पदरी टॉमस फेलिप्स नावाचा लिपी फोडणारा तज्ज्ञ होता. फेलिप्सने पत्र उलगडले. एवढ्यावर न थांबता त्याने त्याच लिपीत खाली चार ओळी जोडल्या आणि कटवाल्यांची नावे विचारली! ८ फेब्रुवारी १५८७ रोजी मेरीचा शिरच्छेद झाला. लिपीच नसती तर तिने जपून लिहिले असते. कुलूप लावल्याचा भरवसा होता, म्हणून तिने सारे पेटीत ठेवले. कच्चे कुलूप हे कुलूप नसण्यापेक्षा वाईट, ते अशा रीतीने.

याच मेरीच्या गोष्टीला आपल्या काळात एक गोड शेपूट जोडले गेले. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सांकेतिक लिपीतील काही जुने कागद पडून होते. सूचीत ते सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इटलीसंबंधीचे म्हणून नोंदलेले. निरनिराळ्या देशांतील तीन हौशी माणसांनी त्यांत लक्ष घातले. जॉर्ज लास्री हे संगणकशास्त्रज्ञ, नॉर्बर्ट बिअरमान हे पियानोवादक व संगीताचे प्राध्यापक, आणि सातोशी तोमोकियो हे पदार्थविज्ञान शिकलेले व पेटंटच्या कामातील जाणकार. इटालियन समजून त्यांनी प्रयत्न केला, तो फसला. फ्रेंच धरून चालताच अक्षरे बोलू लागली. लिहिणारी स्त्री आहे, तिला मुलगा आहे, ती कैदेत आहे, असे दिसू लागले. आणि मग वॉल्सिंगहॅमचे नाव वाचायला मिळाले! एकूण ५७ पत्रे, १५७८ ते १५८४ या काळातील; बहुतेक फ्रेंच वकील कास्तेलनो याला लिहिलेली. त्यांतील काहींच्या साध्या प्रती ब्रिटनच्या दप्तरांत आधीच होत्या. त्यांच्याशी ताडून पाहता मेळ बसला. सुमारे ५० पत्रे मात्र इतिहासकारांना नवी होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. मेरीचा शब्द ४३६ वर्षांनी जगाला ऐकू आला, तो हा खेळ आवडीने खेळणाऱ्या तिघांमुळे.

आता कोणी म्हणेल, की सगळ्याच लिप्या फुटतात तर पक्के कुलूप जगात नाहीच काय? १८८३ साली ओग्यूस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने याचा नियम घालून दिला. लिपीची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये; गुप्तता सगळी किल्लीत असावी. लोहार कुलूप कसे करतो हे साऱ्या गावाला ठाऊक असते, तरी आपण रात्री स्वस्थ झोपतो, कारण किल्ली उशाशी असते. रीत उघडी असली की शेकडो डोळे ती तपासतात आणि दोष सांगतात. रीत झाकून ठेवली की दोष फक्त चोराला सापडतो.

हा नियम पुरेपूर पाळणारी एक रीत १९७७ साली अमेरिकेत रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी काढली. तिचा पाया शाळेतल्या गणिताचा आहे. ६१ आणि ५३ या दोन मूळ संख्या. त्यांचा गुणाकार ३२३३ हे कोणीही मिनिटभरात काढील. पण नुसते ३२३३ सांगून, हे कोणत्या दोन संख्यांना गुणून आले असे विचारले, तर पाटीवर बराच वेळ खडू झिजवावा लागतो. संख्या शंभराहून अधिक अंकी असली तर झिजवणाऱ्याचा जन्म पुरत नाही. गुणाकार जगजाहीर करायचा. त्याने कोणीही आपल्याला निरोप कुलूपबंद करून पाठवावा. मूळच्या दोन संख्या ज्याच्यापाशी, त्यालाच तो उघडता येईल. मी माझी उघडी कुलुपे गावभर वाटून ठेवावीत, ज्याने त्याने पेटीला दाबून लावावीत, किल्ली मात्र माझ्या खिशात, असा हा प्रकार आहे.

त्या तिघांनी आपली लिपी मार्टिन गार्डनर यांच्या मासिकातील गणितरंजनाच्या सदरातून वाचकांपुढे ठेवली. १२९ अंकी संख्या, एक सांकेतिक निरोप, आणि फोडणाराला १०० डॉलर. हे फुटायला ४ कोटी अब्ज वर्षे लागतील असा अंदाज छापला गेला. १९९३ साली काही तरुणांनी इंटरनेटवरून हाक दिली. सुमारे ६०० स्वयंसेवकांनी जगभरातून सुमारे १६०० यंत्रे जोडली. ज्याला जेवढा वेळ मोकळा असेल तेवढा वेळ त्याचे यंत्र गणिताचा लहानसा वाटा करी आणि आकडे ईमेलने पाठवून देई. आमच्या संघटनेच्या वर्गणीसारखेच हे! एकेकाची रक्कम नगण्य, पण एकत्र झाली की तिजोरी भरते. आठ महिन्यांत, एप्रिल १९९४ मध्ये, संख्या फुटली. आत काय निघाले? शिसारी येणाऱ्या एका हाडफोड्या गिधाडासंबंधीचे, अर्थाअर्थी संबंध नसलेले शब्द! मिळालेले १०० डॉलरही त्यांनी देणगी देऊन टाकले. पण या खेळातून जगाला कळले की १२९ अंक पुरत नाहीत. आज त्याच रीतीत ६१७ अंकी संख्या वापरतात. बँकांच्या आणि फोनच्या निरोपांना लागणारी कुलुपे अशा खेळातच पारखून घेतलेली आहेत.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरी रचलेली लिपी खेळापुरतीच ठेवा. बँकेचा गुप्त आकडा तिच्यात लिहून पाकिटात ठेवू नका. आणि लपवायला काही नसेल तर लिपी हवी कशाला, असे कोणी विचारले तर त्याला विचारा, की तुम्ही घराला दार कशाला लावता? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. बायकोने माहेरी लिहिलेले पत्र, आजाऱ्याने डॉक्टरला सांगितलेले दुखणे, कामगाराने सोबत्याला पाठवलेला सभेचा निरोप, यांत चोरी कसली? ओलसर कडेचे पाकीट ज्याने हातात धरले आहे त्याला हा हक्क समजावून सांगावा लागत नाही.

घरी गेल्यावर मुलांना आणि मित्रांना घेऊन कागद पेन्सिलीने हा खेळ सुरू करावा. आरंभ म्हणून एक ओळ देतो. रीत वर सांगितलेलीच आहे. किल्ली एक घराची. मागे सरकत या, म्हणजे साऱ्या विवेचनाचे सार हाती लागेल.

खुवूफ पश्ळे खिव्वी झफा.